प्रेक्षक म्हणून जाऊ या: शिकागो परिसरातील मराठी मंडळांना खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि विश्वस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या वर्षाचं कार्यक्रमपत्रक ठरवायला आपण लवकरच बसाल. हळदीकुंकू, पाडवा, गणपती, दिवाळी आणि मध्ये कधीतरी भारतातून दौऱ्यावर येणारं नाटक, हे त्यात असेलच. त्याला आणखी एक जोड द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र. शिकागोच्या मध्यवस्तीत गेली काही वर्षं नोव्हेंबरात ‘ब्लॅक हार्वेस्ट’ हा कृष्णवर्णीय चित्रकर्त्यांचा महोत्सव भरतो. आपल्या मंडळांनी त्याची तिकिटं घाऊक काढावीत, नाटकाची विकतो तशी सभासदांना विकावीत आणि आपण सगळ्यांनी सहकुटुंब तिथे जाऊन बसावं. आपला स्टॉल, आपला फलक, आपलं भाषण यातलं काही नको. नुसतं प्रेक्षक म्हणून जावं.

पत्र खुलं लिहिते आहे, कारण हा एका कार्यकारिणीचा प्रश्न नाही. कार्यकारिणी दर एक-दोन वर्षांनी बदलते; सवय मात्र सभासदांची असते, आणि ती बदलायची तर सभासदांच्या कानावर हे गेलं पाहिजे.

आधी महोत्सवाविषयी. तो होतो जीन सिस्केल फिल्म सेंटरमध्ये, स्टेट स्ट्रीटवर, शिकागो थिएटरच्या त्या प्रसिद्ध उभ्या पाटीसमोर. आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेचं हे केंद्र. १९९०च्या दशकाच्या मध्यावर महोत्सव सुरू झाला आणि २०२४ मध्ये त्याचं तिसावं वर्ष साजरं झालं. समीक्षक सर्जिओ मिम्स हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. २०२२च्या ऑक्टोबरात त्यांचं निधन झालं. त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, याच शहरात फ्लॉइड वेब यांनी ‘ब्लॅकलाइट’ महोत्सव सुरू केला होता. म्हणजे आपल्यातली पहिली पिढी इथे स्थिरावून गणपती बसवायला लागली, साधारण त्याच सुमारास त्याच शहरात हेही काम चाललं होतं.

मी बरीच वर्षं नाट्यसमितीत काम केलं आहे. शाळेचं सभागृह ठरवणं, दौऱ्यातल्या नटांची सभासदांच्या घरी सोय लावणं, तिकिटं खपत नाहीत म्हणून रात्री फोन फिरवणं, हे सगळं आपण करत आलो. म्हणून अशा महोत्सवात गेले की माझं लक्ष पडद्याइतकंच खुर्च्यांकडे जातं. लघुपटांच्या खेळाला तर प्रेक्षकांत निम्मी मंडळी चित्रपटाच्या घरचीच असतात. ज्यांच्या स्वयंपाकघरात चित्रीकरण झालं ते काका-काकू, ज्यांनी युनिटला जेवण घातलं त्या मावशी, ज्यांनी आपली गाडी दोन दिवस दिली तो मित्र. नाव पडद्यावर आलं की टाळ्या पडतात, कुणी नावाने हाक मारतं. खेळ संपल्यावर दिग्दर्शक समोर येतो आणि प्रश्न सुरू होतात. ते प्रश्न समीक्षकी थाटाचे नसतात. अमुक रस्त्यावरचं ते दुकान तू दाखवलंस, ते बंद का पडलं हे का नाही दाखवलंस, असे असतात. उत्तर देताना दिग्दर्शकाची कसोटी लागते, कारण विचारणारा त्या रस्त्यावर राहतो.

कॅमेरा आता फोनमध्ये आला, संपादन घरच्या लॅपटॉपवर होतं. ज्याला आपला चित्रपट कळेल असा प्रेक्षक एका ठिकाणी, एका वेळी जमणं मात्र आजही अवघड आहे, आणि असा महोत्सव ते घडवून आणतो. त्याला सभागृह लागतं, प्रक्षेपण करणारा तंत्रज्ञ लागतो, दिग्दर्शकाच्या प्रवासाला पैसे लागतात, वर्षभर शेकडो चित्रपट पाहून त्यांतून निवड करणारी माणसं लागतात. यातलं बरंच काम पदरमोड करून होतं, बाकीचं अनुदानावर. आणि अनुदानाचं काय झालं ते आपण वाचलं असेल. २०२५च्या मे महिन्यात केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कला निधीने देशभरातल्या शेकडो संस्थांना पत्रं पाठवून मंजूर झालेली अनुदानं काढून घेतली. छोट्या संस्थांना असा फटका बसला की पहिली कात्री लागते ती अशाच कार्यक्रमांना. अशा वेळी तिकीट काढून येणारा माणूस हाच खरा आधार असतो, हे नाटकाच्या माणसांना वेगळं सांगायला नको.

आता यावर पहिला प्रश्न येणारच: आपला काय संबंध?

आपल्यातले कितीतरी जण शिकागोच्या आयआयटीत, म्हणजे इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, शिकले. ते कॉलेज ब्राँझव्हिलमध्ये आहे, म्हणजे दक्षिणेतली राज्यं सोडून आलेल्या कृष्णवर्णीयांच्या शिकागोतल्या मुख्य वस्तीत. १९१० मध्ये शहरात त्यांची संख्या ४४ हजारांच्या आसपास होती, १९३० पर्यंत ती दोन लाख तीस हजारांच्या वर गेली. मिसिसिपी, अलाबामातून माणसं रेल्वेने यायची. ‘शिकागो डिफेंडर’ हे त्यांचं वर्तमानपत्र पुलमन डब्यांतले पोर्टर गावोगाव पोचवायचे. शहराने या सगळ्यांना एका चिंचोळ्या पट्ट्यात कोंडलं. बाहेर घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, असे लेखी करार गोरे घरमालक आपसांत करत. त्या पट्ट्यातला स्टेट स्ट्रीट हा करमणुकीचा रस्ता होता. आयआयटीच्या ज्या क्राउन हॉलसमोर आपल्या मुलांनी पदवीचे फोटो काढले, तो ‘मेक्का फ्लॅट्स’ नावाची शेकडो कृष्णवर्णीय कुटुंबांची इमारत १९५२ मध्ये पाडून त्या जागेवर उभा राहिला. आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, एकतिसाव्या रस्त्याजवळ, व्हेंडोम थिएटर होतं. लुई आर्मस्ट्राँग १९२०च्या दशकात तिथल्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवत.

या व्हेंडोममध्ये १९२०च्या जानेवारीत कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशो यांचा ‘विदिन अवर गेट्स’ लागला. मिशो यांनी आपली चित्रसंस्था शिकागोतच उभी केली होती. आदल्या वर्षी, १९१९च्या जुलैमध्ये, युजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा मुलगा तलावात तराफ्यावर खेळताना गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या किनाऱ्याकडे वाहत गेला. त्याच्यावर दगड मारले गेले, तो बुडाला आणि शहर पेटलं. त्या दंगलीत ३८ माणसं मेली, त्यांतली २३ कृष्णवर्णीय. मिशो यांच्या चित्रपटात जमावाने कृष्णवर्णीयांना लटकवून मारल्याचं दृश्य आहे. चित्रपट दाखवला तर पुन्हा दंगल होईल म्हणून शिकागोच्या सेन्सॉर मंडळाने आधी तो नाकारला. वाद झाला, काटछाट झाली, मग तो लागला.

त्यानंतर त्याची एकही प्रत अमेरिकेत उरली नाही. अनेक दशकं तो गेलाच असं धरून चालले होते. पुढे माद्रिदच्या चित्रपट संग्रहालयात ‘ला नेग्रा’ या नावाने पडून असलेली एक प्रत सापडली. मूकपटाच्या मधल्या पाट्या स्पॅनिशमध्ये होत्या, त्यांचं पुन्हा इंग्रजी करावं लागलं, आणि १९९३ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो चित्रपट परत उभा केला. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा चित्रपट तो हाच.

बाबुराव पेंटरांच्या कोल्हापूरची आठवण इथे येतेच. १९२५चा मूक ‘सावकारी पाश’ आज कुणालाच पाहता येत नाही. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा जो भाग आपण पाहतो, तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांच्यासारखा माणूस जन्मभर डबे शोधत फिरला म्हणून. आपल्या माणसांनी केलेलं काम हरवतं म्हणजे काय, हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. मग ते ज्या लोकांच्या बाबतीत आपल्याच शहरात घडलं त्यांच्याकडे पाठ फिरवून आपण इतकी वर्षं कशी बसलो आहोत, हा माझा प्रश्न आहे.

त्याच ब्राँझव्हिलमध्ये, ३८३१ साउथ मिशिगन ॲव्हेन्यू या पत्त्यावर, साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर आहे. एका श्रीमंताचा जुना बंगला. मंदीच्या काळात सरकारने कलावंतांसाठी जी योजना काढली तिच्यातून कलाकेंद्रासाठी कारागीर आणि पगार मिळणार होते, जागा मात्र वस्तीने घ्यायची होती. वस्तीने दहा-दहा सेंटची नाणी गोळा करून ती घेतली. विशीतल्या चित्रकार मार्गारेट बरोज डबा घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहत. १९४०च्या अखेरीस केंद्र सुरू झालं, १९४१च्या मे महिन्यात एलिनॉर रूझवेल्ट उद्घाटनाला आल्या. त्या योजनेत देशभर शंभरावर केंद्रं निघाली, त्यांतली बहुतेक बंद झाली, हे अजून त्याच इमारतीत चालू आहे. खालच्या दालनाच्या लाकडी भिंती तेव्हाच्याच आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर त्या फळ्यांवर बोटाच्या पेरापेराला खिळ्यांची भोकं दिसतात. ऐंशी वर्षांत जेवढी चित्रं तिथे लागली, तेवढे खिळे. कुणी ती बुजवली नाहीत, वर रंग दिला नाही. तळघरात डार्करूम होती आणि तिथे गॉर्डन पार्क्स नावाचा तरुण छायाचित्रकार काम करायचा. मोठ्या हॉलिवूड स्टुडिओसाठी चित्रपट दिग्दर्शित करणारा पहिला कृष्णवर्णीय दिग्दर्शक तोच, साल १९६९. मार्गारेटबाईंनी पुढे १९६१ मध्ये समोरच्या आपल्या राहत्या घरात संग्रहालय काढलं. आज वॉशिंग्टन पार्कमध्ये असलेलं ड्युसेबल संग्रहालय ते हेच.

वर्गणी गोळा करून उभ्या केलेल्या संस्था आपल्याला परक्या नाहीत. सार्वजनिक वाचनालयं, नाट्यगृहं, फिल्म सोसायट्या, सगळं आपल्याकडे असंच उभं राहिलं. १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ निघालं ते काही सरकारी हुकमाने निघालं नव्हतं.

तरीही ‘आपला संबंध’ याचं खरं उत्तर याहून थेट आहे. १९४६ ते १९६५ या काळात भारतातून अमेरिकेत कायम राहायला येणाऱ्यांसाठी वर्षाला शंभर जणांचा कोटा होता. साऱ्या भारताला मिळून शंभर. १९६५च्या कायद्याने मूळ देश पाहून ठरवलेले ते जुने कोटे गेले आणि आपले डॉक्टर, इंजिनियर इथे येऊ लागले. तो कायदा आदल्या वर्षीच्या नागरी हक्क कायद्यापाठोपाठ, त्याच चळवळीने तयार केलेल्या वातावरणात झाला. मार्टिन ल्यूथर किंग १९६६ मध्ये शिकागोत राहायला आले, घरांच्या प्रश्नावर मोर्चे काढले आणि मार्केट (Marquette) पार्कमध्ये त्यांच्या डोक्याला दगड लागला. १९६८ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर आठवड्याभरात घरांच्या व्यवहारातला वंशभेद बेकायदा ठरवणारा कायदा झाला. नेपरव्हिलला, शॉमबर्गला आपण ज्या घरांत राहतो, ती घेताना एजंटने आपल्याला रंग पाहून परत पाठवलं तर दाद मागता येते, ती या कायद्यामुळे. दगड त्यांनी खाल्ले आणि दार आपल्यालाही उघडलं. नाटकाच्या एका तिकिटाएवढे पैसे आणि एक संध्याकाळ, एवढं तरी आपण त्यांच्या कलेसाठी काढू शकतो.

पाहुणे आले की आपण त्यांना आर्ट इन्स्टिट्यूटच्या पायऱ्यांवर नेतो आणि स्वामी विवेकानंद इथे बोलले म्हणून सांगतो. १८९३ची ती जागतिक धर्मपरिषद, त्या वर्षी शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेली. त्याच वर्षी, त्याच जागतिक प्रदर्शनाच्या आवारात, हैतीच्या दालनात फ्रेडरिक डग्लस आणि आयडा बी. वेल्स हे कृष्णवर्णीयांचे नेते एक पुस्तिका वाटत होते. या देशाच्या प्रदर्शनात या देशातल्या कृष्णवर्णीयांना जागा का नाही, हा तिचा विषय. ते प्रदर्शन जॅक्सन पार्कमध्ये, म्हणजे शहराच्या दक्षिण भागात, साउथ साइडलाच भरलं होतं. पाहुण्यांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. मुलांना तर सांगाव्यातच.

आणि मराठीपुरतं बोलायचं तर हा धागा फार जुना आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे केलेल्या अर्जाची चौकशी केली, आणि ड्यू बॉइस यांनी उत्तरही पाठवलं. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या कृष्णवर्णीय साहित्याविषयी मराठीत बोलू लागले. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी मुंबईत दलित पँथर ही संघटना काढली तेव्हा तिचं नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलं.

त्या ब्लॅक पँथरचा इलिनॉय शाखेचा अध्यक्ष फ्रेड हॅम्प्टन. ४ डिसेंबर १९६९च्या पहाटे शिकागोच्या वेस्ट साइडला पोलिसांनी त्याच्या राहत्या घरात घुसून त्याला गोळ्या घातल्या. वय वर्षं एकवीस. छाप्यानंतर पोलिसांनी ते घर सील केलं नाही. शिकागोतला एक छोटा फिल्म गट आधीपासून हॅम्प्टनचं चित्रीकरण करत होता. तो कॅमेरा घेऊन आत गेला आणि दारं, भिंती, गाद्या, एकेक खूण टिपून ठेवली. आतूनही जोरदार गोळीबार झाला ही पोलिसांची हकिकत पुढे टिकली नाही. जवळजवळ सगळ्या गोळ्या बाहेरून आत आलेल्या होत्या. असं चित्रण वस्तीतल्या पडद्यांवर पुन्हा पुन्हा दाखवलं जातं, म्हणून ते विसरलं जात नाही. ढसाळांची कविता आपण स्मरणिकेत छापतो. ज्या चळवळीतून ती ठिणगी आली तिचा तरुण नेता ज्या शहरात मारला गेला त्या शहरात आपण राहतो आणि तिथला पडदा आपण पाहिलेला नसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कुणाला बोचली तरी. कृष्णवर्णीयांच्या वस्तीविषयी आपल्या जेवणावळीत जे बोललं जातं ते गावकुसाबाहेरच्या वस्तीविषयी आपल्या आजोळी जे बोललं जायचं त्याहून वेगळं नाही. नव्याने आलेल्या मुलाला विमानतळावरून घरी आणताना पहिली सूचना मिळते: साउथ साइडला फिरकू नकोस. सांगणाऱ्याने ते स्वतः कधी पाहिलेलं नसतं. आपल्यातल्या आंबेडकरी मंडळींना हे सांगावं लागत नाही. २०१९च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दलित चित्रपट महोत्सव भरला, नागराज मंजुळे आणि पा. रंजित तिथे आले होते. ज्या विद्यापीठात बाबासाहेब शिकले तिथेच. त्या मंडळींनी कृष्णवर्णीयांच्या महोत्सवांकडून काय घ्यायचं ते घेतलं आहे. मागे राहिलो आहोत ते आपण, मोठ्या मंडळांची मंडळी.

सुरक्षिततेचा मुद्दा निघेल म्हणून सांगते. सिस्केल सेंटर ऐन लूपमध्ये, म्हणजे मध्यवस्तीत आहे; मेट्रा लोकलने युनियन स्टेशनला उतरून चालत जाता येतं. आर्ट सेंटरला शनिवारी दुपारी जावं, ग्रीन लाइनने. आयआयटीत शिकणारी आपली मुलं रोज त्याच गाडीने जातात-येतात. यापलीकडे या मुद्द्यात काही नाही.

एका कार्यक्रमाविषयी मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात आपल्यासाठीही काम आहे. शिकागो विद्यापीठात प्राध्यापक जॅकलिन स्ट्यूअर्ट यांनी २००५ मध्ये साउथ साइड होम मूव्ही प्रोजेक्ट सुरू केला. साउथ साइडच्या कुटुंबांनी हौसेने काढलेल्या आठ आणि सोळा मिलिमीटरच्या घरगुती फिल्म ते गोळा करतात, स्वच्छ करून डिजिटल करतात, कुटुंबाला प्रत देतात आणि घरच्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून घेतात. मग त्या फिल्म वस्तीतच दाखवतात. फिल्म मुक्या असतात, म्हणून बोलतात ते प्रेक्षक.

अशा एका खेळाला मी गेले होते. पडद्यावर पन्नाशीच्या दशकातला ईस्टरचा रविवार. अंगणात ओळीने उभी केलेली मुलं, पांढरे मोजे, नवे बूट, उन्हामुळे बारीक केलेले डोळे. एक मुलगा उभा राहायला तयार नाही, कुणाचा तरी हात चौकटीत येऊन त्याला परत ओळीत ढकलतो. मग बड बिलिकनची मिरवणूक, ऑगस्टमधली, ‘डिफेंडर’ने १९२९ मध्ये सुरू केलेली. मग त्रेसष्टाव्या रस्त्यावरच्या उन्नत रेल्वेचे लोखंडी खांब. तिथे मागच्या रांगेतल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, ‘थांबवा, मागे घ्या.’ फिल्म मागे घेतली. त्या खांबांमागचं दुकान कुणाचं, वरच्या मजल्यावर कोण राहायचं, जिना कुठून होता, सगळं त्यांनी सांगितलं. कॉटेज ग्रोव्हच्या पूर्वेकडची ती रेल्वे १९९७ मध्ये पाडली. बाजूला बसलेली मुलगी हे सगळं वहीत उतरवून घेत होती. पुढे दुसऱ्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, जिना मागून नव्हता, डावीकडून होता, आणि दोघींची चांगली जुंपली. चौकटीतला तो हात कुणाचा हेही शेवटी निघालं: मुलाच्या मावशीचा.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहा. साठ-सत्तरच्या दशकात आलेल्या घरांत सुपर एटच्या फिल्म आहेत, नंतरच्या व्हीएचएस कॅसेट आहेत. पहिला बर्फ, तळघरातला पहिला गणपती, भाड्याच्या घरातलं पहिलं डोहाळजेवण, नऊवारी नेसून बर्फात उभी असलेली सासू. ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. खोक्यांवर नावं नाहीत, फिल्मला आंबूस वास येऊ लागला आहे (तो वास आला की फिल्म खराब व्हायला लागली असं समजावं). एकेक घर विकलं जातं आणि मुलं ती खोकी बाहेर ठेवतात. साउथ साइडच्या मंडळींनी यावरचा उपाय शोधला, वीस वर्षं राबवला, सुधारला. तो शिकायला त्यांच्याकडे जावं. पण आधी त्यांच्या खेळांना जाऊन बसावं, दोन-तीन वर्षं, आणि मग विचारावं. कामापुरते जाऊन उभे राहिलो तर त्यांच्या ते लगेच लक्षात येईल, आणि यायलाच हवं.

म्हणूनच ‘संयुक्त सांस्कृतिक कार्यक्रम’ करू या, फेब्रुवारीत त्यांच्या इतिहास-महिन्यात आपल्या मंचावर त्यांना बोलवू या, असा ठराव कुणी मांडला तर माझा विरोध राहील. आपल्या मंचावर एक नाच, एक शाल, एक गटफोटो, आणि वर्षभर पुन्हा कोण कुणाला ओळखतंय! त्यांना मंचांची वाण नाही. साउथ शोरमध्ये पंचाहत्तराव्या रस्त्यावर सिस्टर्स इन सिनेमाचं केंद्र आहे, कृष्णवर्णीय बायकांच्या चित्रपटांसाठी. स्टोनी आयलंड ॲव्हेन्यूवर १९२३ची पडीक बँक कलावंत थीॲस्टर गेट्स यांनी महापालिकेकडून एका डॉलरला घेतली, २०१५ मध्ये ती कलाघर म्हणून उघडली, आणि ‘एबनी’, ‘जेट’ काढणाऱ्या जॉन्सन प्रकाशनाचं ग्रंथालय आज तिथे आहे. जागा आहेत, काम आहे, माणसं आहेत. तिकडे जाणाऱ्यांत आपण नाही.

आपल्याला जमणार नाही असंही नाही. २०११ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन याच शहरात आपण पार पाडलं, देशभरच्या मराठी माणसांची राहण्या-जेवण्याची व्यवस्था लावली. त्यापुढे नोव्हेंबरातल्या एका शनिवारची पन्नास तिकिटं म्हणजे काही मोठं ओझं नाही. विद्यार्थी सभासदांना सवलत द्यायची असेल तर ती मंडळाच्या सांस्कृतिक निधीतून द्यावी; महोत्सवाकडे मागू नये. त्यांच्या तिकिटाची पूर्ण किंमत त्यांच्या हातात पडली पाहिजे. लघुपटांचा एक खेळ निवडावा, कारण तिथे दिग्दर्शक हजर असतात आणि नव्या माणसाला प्रेक्षकांची सर्वांत जास्त गरज असते. खेळानंतरच्या चर्चेला थांबावं. पार्किंगची घाई करू नये. पहिल्या वर्षी प्रश्न विचारण्यापेक्षा ऐकावं. मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांना न्यावं, पण खेळाचा वयोगट आधी पाहून घ्यावा, काही विषय जड असतात. वसंतात एका शनिवारी आर्ट सेंटर आणि ड्युसेबल संग्रहालय अशी सहल काढावी, दोन्ही ठिकाणी देणगीपेटीत मंडळाच्या नावाने नाही, ज्याने त्याने आपल्या हाताने टाकावं.

आणि सुपर एटच्या खोक्यांसाठी एक छोटी समिती आत्ताच नेमावी. डिजिटल करणं नंतर होईल. सध्या निदान प्रत्येक घरी फोन करून खोकी फेकू नका, गरम माळ्यावर किंवा दमट तळघरात ठेवू नका, आणि त्यांत कोण कोण आहे ते आजी-आजोबांना विचारून कागदावर लिहून ठेवा, एवढं सांगता येईल.

कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा ही विनंती. महोत्सवाचं वेळापत्रक जाहीर झालं की खेळ निवडून आपल्यापुढे ठेवायचं, तिकिटांची यादी करायची आणि पैसे जमा करायचं काम मी घेते. नाट्यसमितीतल्या दोघींनी मदतीची तयारी दाखवली आहे. बैठकीची तारीख कळवावी, मी येऊन बोलेन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
नाट्यसमितीतली एक जुनी सभासद
नेपरव्हिल, इलिनॉय